सलाईनची बाटली

बाबांच्या छोट्या मोटारसायकलला मी मोठा कार्ब्युरेटर बसवला होता. टाकी रंगवायला काढलेली, म्हणून त्यांच्याच सलाईनची रिकामी बाटली मागच्या दारी खिळ्याला टांगून तिच्यात पेट्रोल भरलं आणि तिची नळी कार्ब्युरेटरला जोडली. युक्तीही त्यांचीच. "बाटलीवर लक्ष ठेवायचं," ते सांगायचे. "पेट्रोल संपलं की इंजिन आधी एकदम चढतं, मग बंद पडतं."

खिडकीच्या आत ते तीन दिवस निपचित पडून होते.

इंजिन सुरू झालं. मी रेसचा स्क्रू सैल केला, तसा ठोका मंदावला.

"यांचा श्वास मंद झाला रे," आई आतून म्हणाली.

मी स्क्रू थोडा पिळला.

"हां, आता बरा चाललाय."

योगायोग असेल, म्हणून मी पुन्हा स्क्रू सोडला. आई धावत खिडकीशी आली. तिचा चेहरा बघून मी घाईघाईने तो पिळला आणि परत त्याला हात लावला नाही.

"गाडी चालूच राहू दे," ती म्हणाली. "आवाज ओळखीचा आहे त्यांच्या."

बाटलीत दोन बोटं पेट्रोल उरलं होतं. डबा हलवला, तर रिकामा. शेजारच्यांकडे पळालो, तर त्यांच्या दाराला कुलूप.

परत आलो तेव्हा नळी कोरडी पडली होती.

मग इंजिन एकदम चढलं.

"अरे, ये बघायला," आतून आईचा आवाज आला, कित्येक दिवसांनी हसरा. "किती भराभर श्वास घेतायत. सुधारले बघ."