नुसता साबीर

“आजपण नुसता साबीर!” साबीरने मोजे काढून भिंतीवर भिरकावले. “तेही पाहुण्यांदेखत!”

फरजाना बांगडे तळत होती. वर न बघताच म्हणाली, “मग काय हत्तीवरून मिरवायचं होतं तुम्हाला?”

साबीर जपानी कंपनीत होता. समुद्राचं खारं पाणी गोड करणाऱ्या कारखान्यात कंपनीचे पंप धडधडत, आणि अठरा वर्षं त्यांची नाडी साबीरच्या हाती होती. अबू हलीफातला हा फ्लॅट कंपनीचा, इकामा म्हणजे तिथं राहायचा परवाना कंपनीचा, पोरीची शाळाही कंपनीच्या जिवावर. बायकोपोरीसकट तो कुवेतमध्ये उभा होता तो त्या पंपांवर.

एकच सल होता. मोठे साहेब मोरिता-सन एरवी प्रत्येकाच्या नावाला ‘सन’ लावत, आपण राव लावतो तसं. चहा देणारा शत्रुघ्नसुद्धा शत्रुघ्न-सन. पण बाहेरचे पाहुणे आले की साबीर-सनचा नुसता साबीर होई.

“ती रसिका सांगते, रीतच आहे त्यांची,” साबीर कुरकुरला. रसिका ऑफिसातली दुभाषी, पुण्याची. “घरच्या माणसाला परक्यापुढे मान द्यायचा नाय म्हणे. मोरिता-सन पाहुण्यांपुढे खुद्द मालकाचं नावसुद्धा नुसतंच घेतात म्हणे.”

“खरंय की! मी पाहुण्यांपुढे पोरीला ‘या फरहतबाई, बसा’ म्हणते काय?”

ताटावर बसलेला तल्हा फिस्सकन हसला. तल्हा फरजानाचा धाकटा भाऊ. साबीरनेच त्याला रत्नागिरीहून आणलं, पंप उघडायला-जोडायला शिकवलं.

“दात काय काढतोस? ऑफिसात मला काय म्हणायचं?”

“सर.”

“आणि दुल्हाभाय?”

“फक्त घरात, सर.”

एकदा ऑफिसात तल्हाच्या तोंडून ‘दुल्हाभाय’ निसटलं होतं. साबीरने सगळ्यांदेखत त्याला बाहेर काढून पुन्हा दार वाजवायला लावलं होतं. शत्रुघ्नच्या हातातला चहा निवून गेला, तरी दार उघडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साबीरने रसिकाला मोरितांपुढे उभं केलं. “सांग त्यांना. माझीपण काही इज्जत आहे. पाहुण्यांपुढे मला सन पाहिजे.”

“साबीरभाई, जाऊ द्या ना.”

“सांग तू.”

तिने सांगितलं. मोरितांनी खिडकीतून समुद्राकडे पाहिलं. मग त्यांनी हळूच होकारार्थी मान डोलावली. रसिकाने नजर खाली घेतली.

गुरुवारी पाहुणे आले. तल्हा सकाळी लवकरच निघून गेला होता, नवी टाय लावून. साबीर टेबलापाशी बसला आणि छातीत पंप सुरू झाल्यासारखं त्याला वाटलं.

मोरिता उभे राहिले. “हे साबीर-सन. अठरा वर्षं यांनी आमचे पंप सांभाळले.”

साबीरचे डोळे भरून आले. कोरड्या विहिरीला पाझर फुटावा, तसं काहीतरी आतून झुळझुळलं.

“आणि हा तल्हा.”

नुसता तल्हा! साबीरने मेव्हण्याकडे बघून मिशीतल्या मिशीत हसून घेतलं. पोराला जागा कळली.

बैठक उठल्यावर तल्हा व्हरांड्यात आडवा आला. “दुल्हाभाय...” एवढंच म्हणाला आणि घुटमळला.

“जा, आज माफ,” साबीरने त्याच्या पाठीवर थाप मारली.

पाहुण्यांना लिफ्टपर्यंत पोचवायचं, आणि दार मिटेपर्यंत कमरेत वाकून राहायचं, हा मोरितांचा नेम. आज पाहुणे गेल्यावर ते साबीरसोबतही लिफ्टपर्यंत आले. वाकले. दार मिटलं तरी त्यांचं पांढरं डोकं वर आलं नव्हतं.

खाली गाडीपाशी पोचताच साबीरने फोन लावला. उन्हाने गाडीचं दार तापलं होतं, त्याला ते जाणवलंही नाही.

“फरजाना! सन म्हणाले! पाहुण्यांदेखत! मला लिफ्टपर्यंत सोडायला आले, पाहुण्यासारखं!”

“काय सांगता!”

“आणि तुझा भाऊ? नुसता तल्हा!” तो पोट धरून हसला. “नुसता! पाहुण्यांदेखत!”

पलीकडे कढईत तेल तडतडत होतं.

“अहो,” फरजाना हलकेच म्हणाली, “मग आता घरचा कोण?”