दोघांची सहल

डाव्या हाताच्या पाठीवर विमानतळावर मारलेला निळ्या शाईचा शिक्का. साबणानं जात नाही.

काचेच्या बाटलीत पिवळा बाम. झाकणावर न वाचता येणारी अक्षरं.

फळ्यावर पटसंख्या : मुले चौदा, मुली अकरा.

बियाणं कंपनीचं पत्र. विक्रीचं उद्दिष्ट पूर्ण केल्याबद्दल बँकॉक सहल, दोन व्यक्ती.

आणि वडलांचं, गुरुसिद्धप्पा आप्पांचं, वाक्य : "बलभीम संगं असंल तर जा. न्हायतर पासपोर्ट चुलीत घालीन."

रुद्रेश चौथीच्या वर्गात सतरंजीवर बसून हे सगळं पुन्हा पुन्हा एका ओळीत लावायचा. ओळ लागत नव्हती.

ईट गावच्या बाजारात त्याचं खत-बियाण्यांचं दुकान होतं. बलभीम त्याचा शाळेतला, बिगरीपासूनचा दोस्त. तीन एकर रान, घरात एकटी आई. पण गावात बांधाचं भांडण निघालं की साक्षीला बलभीमलाच बोलवत. तो म्हणाला म्हणजे झालं. म्हणूनच आप्पांनी ती अट घातली होती, आणि म्हणूनच शिवप्रियानं नवऱ्याची बॅग बिनघोर भरली होती. "बलभीमभावजी हायेत ना," एवढंच ती म्हणाली.

अठरा मार्चला ते परतले. वीस तारखेला आशा सेविका निकिता तालुक्याचा कागद घेऊन दारात आली. ओढणी नाकाला घट्ट बांधलेली.

"कोरोनापायी परदेशातनं आलेल्यांना शाळंत ठेवायचंय, ही यादी हाय. आपल्या गावचं एकच नाव दिसतंय. रुद्रेशभाऊंचं."

"चुकलं असंल," गुरुसिद्धप्पा ओट्यावरून म्हणाले. "दोघं गेलते."

बलभीम तिथंच होता, दुधाची चरवी ठेवायला आलेला. रुद्रेशनं त्याच्याकडं पाहिलं. यादीत नाव नाही. आप्पांचं बोलणं कुणी उचलून धरलं नाही तर तो घरी जाईल, आईच्या हातचं खाईल. साखर कारखान्याहून परतलेली ऊसतोडीची माणसं गावाबाहेर अडवायला लोक काठ्या घेऊन बसले होते. शाळेत कोंडलेल्यांचं काय होईल, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. एक वाक्य बोललं असतं तर पुरलं असतं. रुद्रेशला तोंड उघडायचं होतं. त्यानं चरवीचं झाकण नीट लावलं.

"लिहा ताई," बलभीम म्हणाला. "आप्पांना शब्द दिलता संगं ऱ्हायचा. तोडायचा कसा?"

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. यादीतून सुटलेला गडी आपणहून शाळेत जाऊन बसला. याला म्हणायचं माणूस.

पहिले चार दिवस गमतीत गेले, रुद्रेशचा घसा तेवढा एक-दोन दिवस खवखवला. गावातला रणधीर लांब भिंतीपलीकडून ओरडायचा, "बलभीमभाऊ, बँकॉक कसं हाय वो?"

"ऊन आपल्यासारखंच. माणसं कमी भांडत्यात."

"आन् इमान?"

"बस उडाल्यावानी. फरक इतकाच, कंडक्टर गोड बोलतो."

भिंतीपलीकडं हशा पिकायचा. रुद्रेश खाली मान घालून नखं कुरतडायचा.

त्याचा फोन वाजायचा, नाव न लावलेला नंबर. तो कापायचा. एकदा बलभीम म्हणाला, "उचल की. काळजीत असंल ती." रुद्रेशनं फोनच बंद केला.

पाचव्या दिवशी बलभीम खोकला. सहाव्या दिवशी अंग तापलं.

"निकिताताईला सांगू का?" रुद्रेशनं विचारलं.

"काय सांगणार?"

रुद्रेश सतरंजीचा कोपरा दुमडत बसला.

"मग पड गप. उन्हाचा खोकला हाय, जाईल."

बलभीमच्या आईनं, तुळजाबाईंनी, खिडकीच्या गजातून बामची बाटली आत सरकवली. लेकानं परदेशातून आणलेली म्हणून त्यांनी ती आळीभर दाखवली होती, एक बोटही न लावता. "तुझाच हाय रं, छातीला लाव. आन् रुद्रेश, चोळ की जरा त्याच्या पाठीला."

रुद्रेशनं चोळलं. पाठ तव्यासारखी तापली होती. दोन दिवस त्यानं कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं तर दवाखान्याची गाडी येणार, गाडी आली की चौकशी, चौकशी आली की दुकान, आप्पा, शिवप्रिया. हा सगळा विचार त्यानं दोस्ताच्या पाठीवर हात ठेवून केला.

सत्तावीस तारखेला बलभीमला उभं राहता येईना, तेव्हा कुठं गाडी आली. चढताना तो दम घेत म्हणाला, "काळजी करू नगंस रुद्रा. म्या काय बोलत न्हाय."

दोघांचे नमुने गेले. रुद्रेशचा निगेटिव्ह आला, बलभीमचा पॉझिटिव्ह. गावानं ठरवलं : रोग बलभीमनं आणला. ज्याच्या शब्दावर बांध सरकायचे, त्याच्या आईला नळावर घागर लावू देईनात.

तीन एप्रिलला बलभीम गेला. प्रेत गावात आणू दिलं नाही.

मे निम्मा सरल्यावर रुद्रेश तुळजाबाईंकडं गेला. सगळं सांगायचं ठरवूनच गेला होता. त्यांनी चटई टाकली, पाण्याचा तांब्या पुढं केला.

"काकू, मला तुमाला एक..."

"तू आलास, बरं झालं. कुणीबी येत न्हाय." त्यांनी पदरानं डोळे टिपले. "लोक कायबी म्हणू देत, माझा तुझ्यावर राग न्हाय. तू नेलंस म्हणून माझ्या लेकरानं जग बघितलं. लहानपणी इमानाचा आवाज आला की रानातनं पळत भाईर यायचा. एकच सांग मला. खिडकीपाशी बसला होता का रं?"

रुद्रेशनं तांब्याकडं पाहिलं.

"व्हय काकू. खिडकीपाशीच."

तुळजाबाई हसल्या. चाळीस दिवसांत पहिल्यांदा.

तेरा मार्च ते अठरा मार्च बलभीम येडशीच्या पलीकडं, ओळखपाळख नसलेल्या एका माणसाच्या रानात रोजावर ज्वारी काढत होता.