स्वच्छ उच्चार

तीन वर्षांचा रिधान अजून एक शब्दही बोलत नव्हता, म्हणून सुलक्षणाने त्याला जळगावच्या डॉक्टरांकडे आणलं. सोबत शिरपूरहून आलेल्या सासूबाई, भिकुबाई.

"मी रोज टाळ्या वाजवत फ्रेंच क्रियापदं तोडून तोडून म्हणून दाखवते, डॉक्टर. नू पार-लाँ, वू पार-ले. म्हणजे आम्ही बोलतो, तुम्ही बोलता."

"आणि आजी?"

"त्यांची खान्देशी पडते ना! ह्याचे उच्चार बिघडतील. मी त्यांना अगदी प्रेमाने समजावलंय."

डॉक्टर आजीकडे वळले. "अक्का, नातूसंगे तुम्ही काय बोलतस?"

भिकुबाईंनी तोंड उघडलं, तोच रिधानने त्यांच्यावर बोट रोखलं आणि आयुष्यातलं पहिलं वाक्य खणखणीत आवाजात म्हटलं,

"चूप बसा!"