बेशुद्ध कॅप्टन

जहाजावर आगीचा सराव असला की स्ट्रेचरवरचा बेशुद्ध माणूस हमखास कॅप्टन सुर्वेच व्हायचे, कारण पडल्या पडल्या सगळ्यांच्या चुका काढता यायच्या. "पट्टे ढिले बांधलेस, वाटेत पडलो असतो," असं दरवेळी ऐकवून त्यांनी थर्ड ऑफिसर केतकीची बढती अडवली होती.

आज तिने स्ट्रेचरचे पट्टे असे आवळले की साहेबांना नाकही खाजवता येईना. तेवढ्यात जेवणाची घंटा वाजली.

"झाला सराव. सोड आता!"

"बेशुद्ध माणूस बोलत नसतो, सर."

खलाशी तोंड फिरवून हसले.

"केतकी, कॅप्टनचा हुकूम आहे हा!"

"सर, कॅप्टन बेशुद्ध पडले की हुकूम चीफ ऑफिसरचा चालतो."

सगळ्यांनी चीफ ऑफिसर डिमेलोंकडे पाहिलं. त्यांनी टोपी नीट केली, घसा खाकरला आणि कॅप्टन म्हणून आयुष्यातलं पहिलं फर्मान सोडलं, "आधी जेवून घेऊ."