चौदा पिंजऱ्यांचा भोवरा

"हा भोवरा तुमच्या मॉडेलमध्ये का नाही?" एडिनबरोहून आलेल्या परीक्षकबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं आणि इंगा तिसऱ्यांदा तेच आकडे चाळू लागली. मागच्या रांगेत बसलेल्या तिच्या बापाला, एर्लेंड इस्बिस्टरला, वाटलं की धरणीनं आपल्याला पोटात घ्यावं.

पडद्यावर स्कॉटलंडच्या उत्तरेकडल्या ऑर्कनी बेटांमधल्या सामुद्रधुनीचा नकाशा होता. भरती-ओहोटीच्या ओढीवर फिरणारी बारा टर्बाइनं तळाशी बसवली तर पाणी किती मंदावेल, वाळू कुठं सरकेल, याचं गणित इंगानं दोन वर्षं खपून संगणकावर मांडलं होतं. ते ग्राह्य धरायचं की केराच्या टोपलीत टाकायचं, हे आज ठरणार होतं. पडताळा म्हणून तिनं समुद्रात बोये सोडले होते. कुठला बोया कसा वाहत गेला, हे त्यातलं यंत्रच नोंदून ठेवी. सगळे बोये तिच्या गणिताबरहुकूम गेले. फक्त सात नंबरचा काळ्या खडकाच्या आड शिरला, चौदा ठिकाणी थबकत गोल फिरला आणि मग गुमान वाटेला लागला.

बोये सोडायला होडी एर्लेंडचीच होती. सात नंबर खडकावर आपटायच्या बेतात होता, म्हणून त्यानं तो उचलून होडीत घेतला. तेवढ्यावर थांबला तर तो एर्लेंड कसला. इथवर आलोच आहोत तर शेवंडं धरायला टाकलेले आपले पिंजरे बघून घेऊ म्हणत त्यानं चौदाही पिंजरे ओढले आणि मग बोया पाण्यात सोडला. बोयाला मध्ये कुठं हात नाही ना लावलास, असं इंगानं विचारलं, तेव्हा तो धडधडीत नाही म्हणाला.

कारण खडकाआडची ती जागा त्यानं सख्ख्या भावालाही सांगितली नव्हती. इंगा सहा वर्षांची असताना तिची आई गेली आणि त्याच हिवाळ्यात त्याला ती सापडली. पिंजरा टाकावा आणि भरून काढावा, अशी जागा. पोरीची शाळा, मग अ‍ॅबर्डीनची कॉलेजची वर्षं, सगळं त्या चौदा पिंजऱ्यांतून निघालं. वीस वर्षं तो उलट्या दिशेनं निघून, टोकाला वळसा घालून तिथं जात होता. दुसऱ्या कुणाचा एक पिंजरा तिथं कधी दिसला नाही. आपल्या हुशारीवर तो भलताच खूश होता.

पोरीनं मात्र बापाच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि तीन आठवडे खोट स्वतःच्या गणितात शोधत बसली. तिच्यापुढचं ताट गार होताना तो रोज बघत होता.

आता तर ते चौदा थांबे पडद्यावर हातभर मोठे दिसत होते आणि समोर बेटावरचे झाडून सगळे कोळी बसले होते. नवल म्हणजे पडद्याकडे कुणीच बघत नव्हतं. जागांवरून त्याच्याशी हयातभर भांडलेला डेव्ही लिंकलेटरसुद्धा चहाच्या कपात काही हरवल्यासारखा बघत होता. कुणाच्या लक्षात आलं नाही, एर्लेंडच्या मनात आलं. गप्प बसलो तर निभावून जाईल.

मग हे स्वीकारणं अवघड आहे, असं म्हणून बाई कागद आवरू लागल्या. इंगानं ओठ घट्ट मिटून मान हलवली. लहानपणी रडू आवरताना ती अशीच करायची.

एर्लेंड उभा राहिला. त्यानं टोपी काढली.

"तो भोवरा नाही, बाई. ते माझे पिंजरे आहेत. बोया माझ्या होडीत होता. पोरीचं गणित बरोबर आहे, खोटं मी बोललो."

इंगा त्याच्याकडे बघतच राहिली. आधी रागानं, मग डोळे भरून. बाईंनी कागद पुन्हा पसरले, सात नंबर खोडला आणि पहिल्यापासून तपासायला घेतलं. एर्लेंड मटकन खाली बसला. आयुष्यभर जपलेलं एका दमात गेलं होतं आणि त्याला हलकं वाटत होतं.

डेव्ही उठून शेजारी येऊन बसला. आपल्या हातातला चहा त्यानं एर्लेंडपुढे धरला.

"वीस वर्षं ठाऊक आहे रे आम्हाला. पोर लहान होती, मग शिकत होती, म्हणून तिकडं कुणी फिरकलं नाही." त्यानं पडद्याजवळ उभ्या असलेल्या इंगाकडे कौतुकानं बघून घेतलं. "आता शिकली ती. सोमवारी पिंजरे घेऊन येतो आम्ही."