तारांखालची जमीन

“बिलकूल नाही,” शशिकांत म्हणाले. “शेताच्या मधोमध तारा गेल्या, तर आम्ही घर कुठे बांधायचं?”

रेवतीने गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरला. ती वीज कंपनीत अधिकारी होती. हरियाणात, फर्रुखनगरच्या पुढे, या शेतांवरून हाय-टेन्शन लाइन जायची होती आणि जमीनमालकांची संमती मिळवणं तिच्याकडे होतं. इथे मराठी माणसं भेटली म्हणून तिला आधी बरं वाटलं होतं. पण शशिकांतांनी वरपर्यंत तक्रारी केल्या होत्या.

केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी हा तुकडा बायकोच्या नावावर घेतला होता. दिल्लीतल्या द्वारकेचा फ्लॅट विकायचा आणि दोघांनी इथे राहायचं. स्वयंपाकघर पूर्वेला, कारण चंद्रप्रभांना सकाळचं ऊन आवडतं. आजही ते हेच सांगत होते. चंद्रप्रभा गाडीतच, दार उघडं ठेवून बसल्या होत्या.

“काका, ऐका तर. तुमचा विरोध मान्य झालाय. लाइन बांधाच्या कडेने नेऊ. घराला काही अडचण नाही. फक्त काकूंची सही हवी.”

शशिकांत गाडीकडे वळले.

“ऐकलंस, प्रभा? झालं आपलं काम!”

घर कुठवर येईल ते बघायला ते भराभर शेतात उतरले.

चंद्रप्रभांनी कागद मागितले. मधला जुना आणि कडेचा नवा, दोन्ही मार्गांचे होते.

“मधून गेली, तर काहीच बांधता येत नाही?”

“नाही काकू. शेती चालते. घर नाही.”

“नंतर कोणी परवानगी मिळवली तर?”

“मिळतच नाही.”

त्यांनी मधल्या मार्गाच्या कागदावर सही केली.

“काकू, हा जुना...”

“वाचलाय मी. त्यांना सांग, वरून नकार आला. एवढं कर माझ्यासाठी.”

शशिकांत परतले, तेव्हा रेवतीने खाली बघत तसं सांगितलं.

“आत्ता तर म्हणालीस!” त्यांचा आवाज चढला आणि लगेच बसला. “प्रभा, तू काहीच बोलली नाहीस?”

“काय बोलणार? चला आता.”

 ते ट्यूबवेलपाशी गेले आणि तोंडावर पाणी मारत राहिले.

रेवतीला राहवलं नाही. “काकू, किती मनापासून मागत होते ते. का केलंत असं?”

चंद्रप्रभांची नजर ट्यूबवेलवरून हलली नाही.

“डॉक्टर म्हणतात, मी दिवाळी बघणार नाही. त्यांना अजून सांगितलं नाहीये. घर झालं, तर हट्टाने इथेच येऊन राहतील गं, एकटे.”