काहीही सुटलेलं नाही

कोरीन कम्युनिटी कॉलेजात विशेष मुलांना शिकवण्याचा अभ्यासक्रम करत होती. मंगळवारी सकाळी ती निरीक्षणाचा गृहपाठ लिहीत स्वयंपाकघरात बसली होती. समोर आई कोरीनच्या धाकट्या भावाला, कधीच न बोललेल्या ड्यूईला, बुटाची नाडी बांधायला शिकवत होती. ‘७.१०. गाठ निसटली. आई पुन्हा दाखवते. आठवी वेळ.’

“आई फार गुणाची आहे, तेही लिही की!”

“आपलं मत चालत नाही, आई. दिसलं आणि ऐकलं तेवढंच लिहायचं.”

“मग हे ऐका, मास्तरीणबाई. पहाटेपासून माझ्या छातीत जळजळतंय.”

“गप गं, मोजणी चुकतेय माझी.”

कॉलेजात दहाच्या तासाला कोरीनने वही देऊन टाकली. दुपारी आई कामावर कोसळली, ती उठलीच नाही.

दफनानंतर आठवड्याने वही परत आली. कॉलेजच्या बाईंनी लाल शाईत लिहिलं होतं, ‘शाबास! काहीही सुटलेलं नाही.’

दाराशी ड्यूई एकटाच नाडीशी झटत होता. कोरीन त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

“एक गोष्ट सुटली, ड्यूई,” ती म्हणाली. “आईने सांगितलं होतं, छातीत जळजळतंय म्हणून. मी ऐकलं होतं.”